साहाय्यकर्त्यांच्या मनाची जखम

ता. ३० सप्टेंबर १९९३. अनंतचतुर्दशीची रात्र सरतां सरतां, पहाटे चारच्या सुमारास, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीचा परिसर भूकंपानें हादरला. दगडमातीच्या जाड भिंती व मातीचीं जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. हजारों जीव गेले. शेजारी, पोलीस, सैनिक व डॉक्टर ह्यांनीं ढिगारे उपसले, जिवंतांस बाहेर काढिलें, मृतांचे अंत्यविधि केले. त्यांचे उपकार आपण स्मरतों. परंतु त्यांच्या मनावर काय गुदरलें असेल, ह्याचा विचार क्वचितच करितों.

संकटकाळीं माणूस कर्तव्यांत गुंतलेला असतो. दुःख मागाहून येतें. झोप उडते, तेच देखावे पुनःपुन्हां डोळ्यांपुढें येतात, अमक्यास वाचवितां आलें नाहीं ही टोचणी लागते. ही दुर्बळता नव्हे. अघटित पाहिलेल्या मनाची ती स्वाभाविक वेदना होय. विश्वासू माणसापाशीं बोलल्यानें, विश्रांतीनें व नित्याच्या कामानें ती बहुधा ओसरते. महिनाभरांत न ओसरल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरीं वा शेजारीं कोणी पोलीस, अग्निशामक किंवा परिचारिका असेल, तर पराक्रमाच्या कथा खोदून विचारूं नका. "आपण जेवलांत का?" एवढेंच विचारा, आणि ते बोलूं लागल्यास शांतपणें ऐका. हीच खरी कृतज्ञता.