तळहातावरचा चुना आणि शेतातला युरिया



पारावर चार माणसे बसली की त्यांतल्या एकाच्या तरी खिशात चुन्याची डबी सापडते. तंबाखूची भलावण मी करणार नाही. पण ती डबी मात्र मी नेहमी मागून घेतो. आमच्या गंगापूर तालुक्यात पेरणीच्या तोंडावर एकच वाद असतो, ही डीएपीची गोणी खरी की बनावट? चार-सहा दाणे तळहातावर घ्यावेत, त्यांना बोटभर चुना लावावा आणि तंबाखू मळतो तसे मळावे. दाणे अस्सल असतील तर असा उग्र दर्प सुटतो की तोंड फिरवावे लागते.

हा दर्प अमोनियाचा. डीएपीमधले नत्र अमोनियाच्या क्षारात बांधलेले असते. चुना हा आम्लाच्या अगदी उलट स्वभावाचा, जहाल पदार्थ. तो त्या क्षारातून अमोनियाला मोकळा करतो आणि मोकळा झालेला अमोनिया वायू होऊन उडतो. मात्र वास आला म्हणजे गोणीवर छापलेले १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद पुरेपूर भरले, असे समजू नका. ते प्रयोगशाळेतच कळते. वास आलाच नाही, तर पावती जपा, उरलेली गोणी तशीच बांधून ठेवा आणि कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.

एका सभेत दहावीतल्या मुलाने मला विचारले, "साहेब, युरियाला चुना लावला तर?" लावून पाहिला. वास आला नाही. मंडळी हसली, पण पोराचा प्रश्न लाखाचा होता. युरियात अमोनिया तयार नसतो, तो तयार व्हावा लागतो. १८२८ साली व्होलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला. तो आणि जनावरांच्या मुतातला युरिया एकच निघाला. पहाटे गोठ्याचे दार उघडले की डोळे चुरचुरतात ना? रात्री पडलेल्या मुतातल्या युरियाचा तोवर अमोनिया झालेला असतो. हे काम युरियेज नावाचे विकर करते. ते मातीत, शेणात, कुजत्या पालापाचोळ्यात सगळीकडे असते.

आता शेतात चला. आपल्या गोदाकाठच्या काळ्या जमिनीत पुष्कळ ठिकाणी चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. एक खडा कुटून त्यावर लिंबू पिळा, फसफसेल. अशा जमिनीचा स्वभाव आधीच चुन्याकडे झुकलेला. तिच्यावर युरिया फेकला की विकर त्याचा अमोनिया करते आणि जमीन त्याला धरून ठेवण्याऐवजी वाट मोकळी करून देते. तळहातावर डीएपीचे जे क्षणात झाले, तेच शेतात दोन-चार दिवसांत होते. फरक इतकाच की उघड्या रानात वास कोणाला येत नाही.

विश्वास नसेल तर घरच्या कारभारणीकडून चिमूटभर हळद मागा. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग चढतो, हे तिला सांगावे लागणार नाही. हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. दोन काचेच्या बरण्यांत शेतातली ओलसर माती भरा. एकीत चिमूटभर युरिया वर टाका, दुसरीत तो चार बोटे खोल पुरा. पट्ट्या ओल्या करून झाकणाखाली लटकवा, पण मातीला लागू देऊ नका. वर युरिया टाकलेल्या बरणीतली पट्टी काही दिवसांत लालसर तपकिरी होऊ लागेल. पुरलेल्या बरणीतली पिवळीच राहील किंवा फार थोडी बदलेल. हा प्रयोग मुलांकडून करवून घ्या, ती रोज उठून पाहतात.

हिशेबही करा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. ओलसर जमीन, वर ऊन आणि वारा, अशात युरिया फेकला तर त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक उडून जाऊ शकतो. म्हणजे एका गोणीमागे पाच किलो नत्र हवेत! नुसत्या दहिवरावर किंवा भुरभुर पावसावर फेकणे सर्वांत वाईट. दाणे विरघळतात, पण आत उतरत नाहीत. कपाशीला, मक्याला रोपापासून थोडे दूर टाकून कोळप्याने दोन-तीन इंच मातीआड करा. गव्हाला द्यायचा तर फेकल्यावर लगेच हलके पाणी द्या. चुन्यात किंवा चुलीच्या राखेत कालवून कोणतेही अमोनियायुक्त खत टाकू नका. २०१५ पासून आपल्याकडचा युरिया कडुलिंबाचा लेप देऊन येतो, मग काळजी कशाला, असे काहीजण म्हणतात. तो लेप अमोनियाचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. वर पडलेल्या दाण्यातून उडून जाणारा वायू तो रोखत नाही.

एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीची आहे. एका वस्तीवर फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवून ठेवला होता. घरधनी पंप आणायला गेला, तेवढ्यात गाभण गायीने बादलीत तोंड घातले. थोड्याच वेळात पोट फुगले, अंग थरथरू लागले, तोंडाला फेस आला. डॉक्टर पोचेपर्यंत गाय गेली होती. घरची बाई मला म्हणाली, "साहेब, खतच होतं ना ते? विष थोडंच होतं?" मला धड उत्तर देता आले नाही.

उत्तर हेच की गायीच्या पोटातल्या सूक्ष्म जंतूंकडेही तेच विकर असते. गोठ्यात रात्रभरात होते ते तिच्या पोटात बघता बघता झाले आणि अमोनिया रक्तात गेला. लवकर पोचले तर पशुवैद्यक पुष्कळ थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात. व्हिनेगर आम्ल आहे, ते अमोनियाला बांधून ठेवते. चुना करतो त्याच्या नेमके उलटे. पण फुगलेल्या, धडपडणाऱ्या जनावराच्या घशात आपण होऊन काही ओतू नका, ते श्वासनळीत उतरते. आधी डॉक्टरांना फोन करा. युरिया विरघळवायचा तर झाकणाच्या पिंपात विरघळवा. गोणी गोठ्यात ठेवू नका आणि रिकाम्या गोणीत पेंड भरू नका.