शून्यावरचा काटा

तेलविहिरींच्या सामग्रीची दाबचाचणी जेथे चालते तेथे 'काटा शून्यावर आला, आता खोला' हे वाक्य मी इतक्या वेळा, आणि तेही नवशिक्या उमेदवारांच्या नव्हे तर आयुष्य पान्यावर काढलेल्या मुकादमांच्या तोंडून ऐकले आहे, की आता ते कानी पडताच मन संतप्त होते. दाबमापक सांगते ते केवळ स्वतःच्या नळीतले वर्तमान; त्या नळीच्या तोंडाशी ग्रीसचा गोळा बसला असेल, तर पलीकडे काय कोंडले आहे याची त्याला वार्ताही नसते.

गेट व्हॉल्व्हच घ्या. कारखान्यात ज्यांना सीट म्हणतात त्या दोन कड्यांच्या मध्ये, गेटाभोवती, एक पोकळी असते. चाचणीत तीत शिरलेले पाणी, दोन्ही टोकांचा दाब सोडल्यानंतरही, कित्येक बनावटींत तेथेच अडकून राहते, आणि सीट जितक्या निर्दोष तितका हा कोंडमारा पक्का. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ६-ए मानकानुसार १०,००० पीएसआय कार्यदाबाच्या व्हॉल्व्हचे कवच १५,००० वर तपासतात, सीट १०,००० वर. या दुसऱ्या दाबानेही अर्धा इंच व्यासाच्या प्लगवर सुमारे ९०० किलोग्रॅमचा रेटा येतो. थेंब थांबले म्हणून रिकाम्या ठरवलेल्या एका व्हॉल्व्हचा ब्लीड-स्क्रू अर्धा फेरा फिरताच दोऱ्याएवढी पांढरी धार समोरच्या भिंतीचा रंग खरवडून गेलेली मी पाहिली आहे. स्क्रू फिरवणारा इसम सुदैवाने बाजूला उभा होता.

आणि मापक निर्दोष असले तरी काय? २०,००० पीएसआयच्या मापकात एक टक्का चूक क्षम्य धरली, तर शून्याच्या नावाखाली २०० पीएसआय खुशाल दडून बसतात, आणि सात इंच व्यासाच्या झाकणावर त्यांचा भार साडेतीन हजार किलोग्रॅम भरतो.

पाणी दाबले जात नाही, म्हणून निर्धोक? १०,००० पीएसआयला ते सुमारे तीन टक्के आकुंचन पावते. वर हवा राहिली असेल, तर तितक्याच आकारमानात शंभर पटींहून अधिक ऊर्जा साठते. आटे ढिले होताना फुसफुस ऐकू येईल? प्लग पुष्कळदा आवाजाआधीच सुटतो. काल सोडलेला दाब आज कोठून येणार? पाण्याने भरलेली बंद पोकळी उन्हात तापली, तर एका अंशाला कित्येक बार दाब चढतो.

म्हणून दोन्ही टोके मोकळी करून व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवावा, ब्लीड उघडाच राहू द्यावा, आणि बाजूला उभे राहून आधी पलीकडचे नट सैल करावेत. फ्लँज गॅस्केटवरून उचललेली डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही नट पूर्ण काढू नये.