अकरा गुणांचा हंगाम

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ खेळतात आणि हंगामाअखेर तळाचे तीन खालच्या श्रेणीत जातात. ही घसरण सर्वांत केविलवाणी ठरली ती डर्बी काउंटीची, 2007-08 मध्ये.

मे 2007 मध्ये वेम्बलीवर वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला 1-0 ने हरवून डर्बीने वरची श्रेणी गाठली. या एका सामन्यामुळे क्लबच्या तिजोरीत कोट्यवधी पौंडांची सोय होते. पण तगडा संघ त्यातून उभा राहिला नाही. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी लिव्हरपूलने 6-0 असा धुव्वा उडवला. त्याच महिन्यात केनी मिलरच्या गोलवर डर्बीने न्यूकॅसलला नमवले, आणि तो हंगामातला एकमेव लीग विजय ठरला. नोव्हेंबरात व्यवस्थापक बिली डेव्हिस गेले, पॉल ज्युएल आले. व्यवस्थापक बदलणे हा क्लबांचा आवडता उतारा. इथे तो अजिबात लागू पडला नाही. ज्युएल यांना उरलेल्या हंगामात लीगमध्ये एकही सामना जिंकता आला नाही. बचाव तर ढिसाळ होताच, पण खरी कमतरता गोल करणाऱ्यांची होती: 38 सामन्यांत फक्त 20 गोल, अंगावर मात्र 89.

29 मार्चला, सहा सामने बाकी असतानाच, पदावनती पक्की झाली. एक विजय, आठ बरोबरी, 29 पराभव; गुण 11. संडरलँडचा 15 गुणांचा आधीचा नीचांक मागे पडला. 2024-25 मध्ये साउदॅम्प्टन 12 वर थांबला. नवल प्रेक्षकांचे: प्राइड पार्क मैदान अखेरपर्यंत जवळपास भरलेले असे.