चमचाभर साखर आणि रात्रीची झोप

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्या साऱ्या रक्तात साखर किती असेल? जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! ही साखर म्हणजे ग्लुकोज. मेंदूचे मुख्य इंधन तेच. ते फार घटले तर भोवळ येते. वर्षानुवर्षे वाढलेले राहिले तर डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांना इजा होते.

आता जिंतूरच्या घरातील ज्वारीची भाकरी घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘परभणी मोती’ नावाचे ज्वारीचे वाणच काढले आहे. भाकरीतील पिष्टाचे पचनात ग्लुकोज होते व ते रक्तात उतरते. लगेच स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. त्याच्या इशाऱ्याने स्नायू ग्लुकोज आत ओढून घेतात. काही यकृतात साठते.

गोड चहा पिताच रक्तातील साखर झपाट्याने चढते. भाकरीबरोबर डाळ व पालेभाजी असेल, तर त्यांतील चोथा व प्रथिने हा वेग कमी करतात. मात्र भाकरी म्हणजे औषध नव्हे. चार खाल्ल्या तर साखर चारांचीच होणार!

‘मी तर बारीक आहे, मला काय भीती?’ असे तुम्ही म्हणाल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण मांडले. ते व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन सारखेच होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. जादा चरबी, विशेषतः पोटातील, इन्शुलिनचे काम अवघड करते. ती नुसत्या डोळ्यांना किंवा वजनकाट्याला दिसतेच असे नाही.

आणि झोप? १९९९ साली शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले. पुरेशा झोपेनंतरच्या मानाने त्यांच्या रक्तातून ग्लुकोज दूर होण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. तुमच्या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी. परीक्षेच्या दिवसांत चहावर जागरण करणारे शरीरावर दुहेरी भार टाकतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

करून पाहा : भाकरीचा कोरडा घास दोन मिनिटे चावत राहा. चव गोडसर का झाली? पचनाची सुरुवात नेमकी कोठे होते, याचे उत्तर त्यातच आहे.