टॉवरवरचं बँकर इंजिन

लोणी काळभोरच्या तेल डेपोतून टँकर भरून बाहेर पडतात. त्यातलं थोडं डिझेल मोबाइल टॉवरच्या जनरेटरमध्ये जळतं. वीज गेली, बॅटऱ्या उतरल्या, की दुसरा इलाज नसतो. या पट्ट्यातल्या टॉवरची देखभाल मी करतो आणि माझं ठाम मत आहे, की बचतीची खरी जागा जनरेटर नव्हे, वर अँटेनाजवळ टांगलेला रेडिओ आहे.

त्या पेटीच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात. दुपारी हात लावला तर चटका बसतो. उन्हाचा वाटा सोडला, तर ही उष्णता म्हणजे लहरींत न उतरलेली वीज आहे आणि त्यातली बरीचशी सिग्नलला जोर देणाऱ्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरने घालवलेली. ४जी-५जीचा सिग्नल शेकडो बारीक लहरी मिळून बनतो. क्वचित त्या एकदम उसळतात, तेव्हा शक्ती सरासरीच्या सहा ते दहा पट होते. त्या क्षणासाठी अ‍ॅम्प्लिफायर दांडगा ठेवावा लागतो. पण तो काटकसरीने चालतो फक्त पूर्ण ताकदीवर. ‘क्लास बी’ प्रकारात कागदावरची कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्के. ताकद पाव केली की ती ३९ टक्क्यांवर येते.

तोडगा १९३६ सालचा आहे, बेल लॅब्जच्या विल्यम डोहर्टी यांचा. एकाऐवजी दोन अ‍ॅम्प्लिफायर. कर्जतहून खंडाळा घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात, तसा दुसरा फक्त उसळीच्या वेळी जोर लावतो. जोडणी अशी, की पाव ताकदीवरही पहिला आपल्या कमाल कार्यक्षमतेवर चालतो. दुसरा जागा होताच पहिल्यावरचा भार बदलतो. डिझाइनचं सगळं कसब त्या सांध्यात. यात सिग्नल थोडा वाकडा होतो, म्हणून तो आधीच उलट्या बाजूने वाकवून आत सोडतात. त्या गणितालाही वीज लागते, हे विसरून चालत नाही.

शक्ती चहूकडे न उधळता दिशा साधणं हा बचतीचा दुसरा मार्ग. १९२७ मध्ये खडकीहून इंग्लंडकडे बिनतारी संदेश जाऊ लागले ते झोत बांधूनच. तिकडचे संदेश दौंडला, आमच्याच रेल्वेमार्गावर, उतरत. ५जीच्या अनेक अँटेना हेच काम फोनगणिक करतात.

आता रिकाम्या मायक्रोसेकंदांतही अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवता येतो. म्हणून रेडिओ खरेदी करताना भर लोडवरचा आकडा पुरेसा नाही. पहाटे तीनला, गाव झोपलेलं असताना, तो किती वॅट खातो हे लेखी मागावं आणि साइटवर मीटर लावून मोजून घ्यावं.