हरिश्चंद्रगडावर जाताय? मुक्काम आधी ठरवा

दौंड-शिरूरचा मुलूख भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा, उसाचा नि सपाट. डोंगर गाठायचा तर वाट उत्तरेची. दौंडकरांनी चौफुला-न्हावरेमार्गे शिरूर गाठावं. पुढे बेल्हे, आळेफाटा, ओतूर करत खुबी फाटा. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या काठाकाठानं रस्ता खिरेश्वरला जातो. समोर हरिश्चंद्रगड.

खिरेश्वर जुन्नर तालुक्यातलं, गड मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात. टोलार खिंडीतून वर जायची चाल दमवणारी आहे; पाचनईची वाट त्या मानानं सोपी. कोकणकड्यावरचा सूर्यास्त बघायचा, तर त्याच संध्याकाळी खाली उतरणं धोक्याचं. म्हणजे मुक्काम आलाच.

डोंगरभटके वर्षानुवर्षं गडावरच्या गुहांमध्ये झोपत आले. मला ते पटत नाही. चुलीच्या धुरानं कोरीव छत काळं पडतं आणि मागे पत्रावळी, बाटल्या उरतात. इथेच चांगदेवांनी तप केल्याचं सांगतात, इथेच केदारेश्वराची प्रचंड पिंड गार पाण्यात उभी आहे आणि तिच्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. अशा जागी पथारी पसरू नये.

तंबूचा पर्याय आहे. वर स्थानिक लोक तो भाड्यानं देतात, जेवणही करून देतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याचे त्या वेळचे नियम पायथ्यालाच विचारून घ्यावेत. कड्यापासून तंबू लांबच हवा. तिथला वारा रात्री कसा फिरेल ते सांगता येत नाही.

माझी पसंती खिरेश्वर किंवा पाचनईतल्या घराला. पडवीत अंथरूण, चुलीवरचं पिठलं, गरम भाकरी, ठेचा; पहाटे उजाडायच्या आत घरातलाच कुणी वाट दाखवायला बरोबर निघतो. धुक्यात वाट चुकण्याची भीती त्यामुळे उरत नाही आणि चार पैसे थेट त्या घरात जातात. डोंगराळ भागातली शेती पावसाच्या भरवशावरची, त्यामुळे या कमाईचं मोल मोठं आहे. म्हणून घासाघीस करू नये. माणशी दर, जेवण आणि वाटाड्याचे पैसे फोनवरच ठरवून घ्यावेत. पावसाळ्यात शनिवारी तर आधी कळवल्याशिवाय जाऊच नये. मोठा गट असेल तर शौचालय आणि गाडी लावायची जागाही विचारावी. थंडीत रात्री हुडहुडी भरते, तेव्हा घरचं एक जाड पांघरूण सोबत असू द्यावं.