रोजच्या झोपेसाठी हवेची गादी
भंडारदऱ्याच्या तंबूत एका रात्रीपुरती चालणारी हवेची गादी घरी रोज झोपायला पुरत नाही. रोजच्यासाठी जाड पीव्हीसीची, आत उभे पडदे असलेली घ्यावी; त्या पडद्यांमुळे पाठ मध्येच खचत नाही. नवी गादी सुरुवातीला सैल पडते, कारण पीव्हीसी ताणले जाते. लगेच गळती समजू नये.

नगरच्या हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरला की आतली हवा आकसते, गादी मऊ पडते आणि खालून गारठा चढतो. वर जाड गोधडी हवीच.

तान्ह्या बाळाला हवेच्या गादीवर कधीही झोपवू नये, श्वास कोंडण्याचा धोका असतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीला मात्र आळीपाळीने फुगणाऱ्या कप्प्यांची, पंपावर चालणारी वैद्यकीय गादी लागते. तरीही तिची कूस वेळोवेळी बदलावीच लागते.